डेक-बिल्डिंग खेळात कार्डे कोणत्या क्रमाने खेळावीत : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डेक-बिल्डिंग खेळात, म्हणजे डावादरम्यान कार्डे विकत घेऊन आपला डेक (पत्त्यांचा गठ्ठा) घडवायच्या खेळात, कोणते कार्ड विकत घ्यावे याचा विचार बहुतेक खेळाडू मनापासून करतात; मात्र हातात आलेली पाच पाने कोणत्या क्रमाने मांडावीत, याबद्दलचे प्रश्न खेळात मुरलेल्यांकडूनही पुन्हा पुन्हा येतात. त्यांपैकी नेहमीचे प्रश्न येथे सोप्याकडून अवघडाकडे अशा क्रमाने घेतले आहेत. बरीचशी उदाहरणे २००८ साली आलेल्या, डोनाल्ड एक्स. व्हॅकारिनो यांच्या ‘डोमिनियन’ची आहेत, कारण हा खेळप्रकार रूढ झाला तो त्या खेळामुळे, आणि क्रमाचे बहुतेक पेच त्याच्या मूळ संचातच सापडतात. ज्या खेळांत नियम वेगळे आहेत त्यांच्यासाठी प्रश्न ११ पासून पुढे पाहावे.

१. हातातली सगळी कार्डे खेळायचीच आहेत, तर क्रमाने काय फरक पडतो? शेवटी बेरीज तीच येणार ना?

केवळ नाणी देणाऱ्या कार्डांबाबत हे बहुधा खरे असते. परंतु पाने उचलून देणारी किंवा जादा अ‍ॅक्शन देणारी कार्डे हातात आली की बेरीज बदलते; अ‍ॅक्शन म्हणजे एक अ‍ॅक्शन कार्ड खेळण्याची संधी. समजा, हातात एक व्हिलेज, एक स्मिदी आणि तीन कॉपर (नाण्याची कार्डे) आहेत. डोमिनियनमध्ये पाळीच्या सुरुवातीला एकच अ‍ॅक्शन मिळते. स्मिदी आधी खेळली तर तीन पाने मिळून हातात सात पाने होतात, पण अ‍ॅक्शन संपलेली असते आणि त्या सातांतले व्हिलेज निव्वळ अडगळ ठरते. शिवाय नव्याने आलेल्या तीन पानांत एखादे अ‍ॅक्शन कार्ड असले तर तेही वाया जाते. व्हिलेज आधी खेळले तर ते एक पान आणि दोन अ‍ॅक्शन देते, मग स्मिदी तीन पाने देते. हातात पुन्हा सातच पाने राहतात, पण ती सातही नवी किंवा उपयोगी असतात आणि एक अ‍ॅक्शन शिल्लक असते. कार्डे तीच, हातही तोच, पण एका क्रमाने पाळी तिथेच थांबते आणि दुसऱ्या क्रमाने ती पुढे चालते.

२. ‘टर्मिनल’ कार्ड म्हणजे नेमके काय?

जे अ‍ॅक्शन कार्ड खेळण्यासाठी एक अ‍ॅक्शन खर्ची पडते, पण जे स्वतः एकही अ‍ॅक्शन परत देत नाही, त्याला खेळाडू टर्मिनल म्हणतात. स्मिदी, मिलिशिया, विच ही त्याची उदाहरणे आहेत. मार्केटसारखे कार्ड एक पान आणि एक अ‍ॅक्शन परत देते, म्हणजे स्वतःची जागा स्वतःच भरून काढते. व्हिलेज आणि फेस्टिव्हल दोन अ‍ॅक्शन देतात, म्हणून त्यांच्यामुळे एकाच पाळीत दोन टर्मिनल खेळणे शक्य होते.

३. नवख्या खेळाडूला डोळे झाकून पाळता येईल असा एखादा क्रम आहे का?

आहे, आणि सुरुवातीचे काही डाव तो पाळण्यास हरकत नाही. ज्यांत काहीही ठरवावे लागत नाही आणि जी पान व अ‍ॅक्शन दोन्ही परत देतात, अशी कार्डे प्रथम खेळावीत. त्यांच्याबरोबरच व्हिलेजसारखी अ‍ॅक्शन वाढवणारी कार्डे खेळावीत. त्यानंतर पाने उचलून देणारी टर्मिनल. आणि ज्यांत निवड करावी लागते अशी कार्डे, म्हणजे काय डेकमधून कायमचे बाद करावे, काय टाकावे, कोणते कार्ड मिळवावे हे विचारणारी, सर्वांत शेवटी.

हा क्रम पाठ करण्यापेक्षा त्यामागचे कारण समजून घेणे मला अधिक महत्त्वाचे वाटते. पान उचलणे म्हणजे माहिती मिळवणे, आणि निवड करणे म्हणजे स्वतःला बांधून घेणे. माहिती आधी मिळाली की निवड चांगली होते. निवड आधी केली तर नंतर आलेली माहिती हळहळण्यापुरतीच उरते. पुढील जवळजवळ प्रत्येक उत्तर याच विचारातून निघाले आहे, आणि अपवादही तेथेच आहेत जेथे पान उचलण्याची काही किंमत मोजावी लागते.

४. पाने टाकून नवी देणारे सेलर आधी खेळावे की स्मिदी?

एकच अ‍ॅक्शन असेल तर प्रश्नच उरत नाही: सेलर एक अ‍ॅक्शन परत देते आणि स्मिदी देत नाही, म्हणून सेलर आधी. दोन अ‍ॅक्शन हाताशी असतील तर मात्र स्मिदी आधी खेळणे बहुधा लाभदायक ठरते, कारण तिने आणलेल्या तीन पानांत इस्टेटसारखी या पाळीत निरुपयोगी पाने असली, तर तीही सेलरला देऊन बदलून घेता येतात.

येथे एक सावधगिरी बाळगावी. सेलरमध्ये आधी पाने टाकली जातात आणि मग तेवढीच उचलली जातात. डेकमध्ये पुरेशी पाने नसतील तर नुकतीच टाकलेली पानेही इतरांबरोबर पिसली जातात आणि त्याच हातात परत येऊ शकतात. पिसण्याच्या वेळेबद्दल प्रश्न ८ पाहावा.

५. लायब्ररी खेळताना नेहमीचा क्रम उलटा होतो असे ऐकले. ते खरे आहे का?

बऱ्याच अंशी खरे आहे. लायब्ररी ठरावीक संख्येने पाने देत नाही; हातात सात पाने होईपर्यंत ती उचलू देते. त्यामुळे लायब्ररीपूर्वी हात जितका लहान, तितका तिचा लाभ मोठा.

फेस्टिव्हल दोन अ‍ॅक्शन, दोन नाणी आणि एक जादा खरेदी देते, पण पान देत नाही. म्हणून ते लायब्ररीचे उत्तम जोडीदार आहे. पाच पानांच्या हातातून फेस्टिव्हल खेळले की चार उरतात, लायब्ररी खेळली की तीन, आणि मग चार पाने उचलता येतात. लॅबोरेटरीचे मात्र उलट आहे. दोन अ‍ॅक्शन हाताशी असताना हातात लॅबोरेटरी, लायब्ररी आणि आणखी तीन पाने असतील, तर लॅबोरेटरी आधी खेळल्यास हात सहाचा होतो, लायब्ररी खेळल्यावर पाचाचा, आणि केवळ दोन पाने मिळून सातावर थांबतो. लायब्ररी आधी खेळल्यास चारांचे सात होतात, मग लॅबोरेटरीने आठ होतात. अ‍ॅक्शन एकच असेल, तर लायब्ररीनंतर लॅबोरेटरी खेळताच येणार नाही, म्हणून तेथे नेहमीचाच क्रम ठेवावा.

६. थ्रोन रूमने कोणते कार्ड दोनदा खेळावे, आणि थ्रोन रूम केव्हा काढावे?

थ्रोन रूम फक्त त्या क्षणी हातात असलेले कार्ड दोनदा खेळू देते, म्हणून शक्य तितकी पाने उचलून झाल्यावर ते खेळणे हा सर्वसाधारण नियम. परंतु हाताशी एकच अ‍ॅक्शन असेल तर थ्रोन रूम ती खर्च करते, आणि मग त्याने दोनदा खेळलेल्या कार्डाने अ‍ॅक्शन परत दिली नाही तर पाळी तेथेच संपते. थ्रोन रूमने व्हिलेज खेळले तर दोन पाने आणि चार अ‍ॅक्शन मिळतात. थ्रोन रूमने स्मिदी खेळली तर सहा पाने मिळतात, पण अ‍ॅक्शन उरत नाही. हातात आणखी टर्मिनल असतील तर पहिला मार्ग, आणि पुढे फक्त नाणीच मांडायची असतील तर दुसरा. हातात वेगळे व्हिलेजही असेल तर ते साधेपणाने आधी खेळावे. मग थ्रोन रूम आणि स्मिदी खेळूनही एक अ‍ॅक्शन शिल्लक राहते.

दोन थ्रोन रूम एकत्र आल्यावर अनेकांचा गैरसमज होतो. पहिल्या थ्रोन रूमने दुसरे थ्रोन रूम दोनदा खेळले, तर एकच कार्ड चार वेळा खेळले जात नाही. दोन वेगवेगळी कार्डे प्रत्येकी दोनदा खेळता येतात. त्यामुळे असा डाव मांडण्यापूर्वी हातात आणखी दोन अ‍ॅक्शन कार्डे आहेत का, हे पाहावे. नसल्यास पहिल्या जोडीने पाने आणून दुसरीसाठी कार्ड मिळेल अशी आशा ठेवावी लागते.

७. नाणी देणारी कार्डे मांडताना क्रम पाहावा लागतो का?

कॉपर, सिल्व्हर आणि गोल्ड एकमेकांत कोणत्याही क्रमाने मांडले तरी चालते. मात्र नाणी मांडण्यास सुरुवात केली की अ‍ॅक्शन खेळण्याचा टप्पा संपतो, हे विसरता कामा नये. मनीलेंडर हातातील एक कॉपर कायमचे बाद करून तीन नाणी देते. हातात मनीलेंडर आणि चार कॉपर असतील तर ते आधी खेळल्यास तीन अधिक तीन अशी सहा नाणी होतात आणि गोल्ड विकत घेता येते, तर कॉपर आधी मांडून बसल्यास चारच नाणी हाती राहतात. मर्चंटचे जादा नाणे त्या पाळीतील पहिल्या सिल्व्हरवरच मिळते. दोन मर्चंट खेळले असतील तर त्याच पहिल्या सिल्व्हरवर दोन नाणी मिळतात.

विस्तारसंचांत नाण्यांची काही कार्डे स्वतः हिशेब करतात. ‘प्रॉस्पेरिटी’तील बँकचे मूल्य ती मांडली त्या क्षणी समोर असलेल्या नाण्यांच्या कार्डांइतके असते, स्वतःला धरून, म्हणून ती सर्वांत शेवटी मांडावी.

८. डेक संपत आला असताना आणखी पाने उचलावीत की थांबावे?

या विषयातील माझ्या मते हा सर्वांत मोलाचा आणि सर्वांत दुर्लक्षित प्रश्न आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

डोमिनियनमध्ये पान उचलताना डेक संपला तर डिस्कार्डचा (वापरून टाकलेल्या पानांचा) ढीग पिसून नवा डेक केला जातो. त्या वेळी हातात असलेली आणि टेबलावर खेळलेली कार्डे मात्र पिसली जात नाहीत. ती पाळीच्या शेवटी डिस्कार्डमध्ये जातात आणि पुढच्या पिसणीपर्यंत तेथेच पडून राहतात. पाळीच्या मध्यात पिसण्याची वेळ आणली, तर या पाळीत खेळलेली आपली उत्तमोत्तम कार्डे संपूर्ण पुढच्या फेरीला मुकतात. पाळीच्या शेवटी पाच पाने उचलताना पिसावे लागले, तर तोपर्यंत हातातील आणि टेबलावरील सर्व काही डिस्कार्डमध्ये गेलेले असते, म्हणून ती सगळी कार्डे नव्या डेकमध्ये येतात.

समजा, हातात आठ नाणी जमली आहेत, खरेदी एकच आहे, गुण देणाऱ्या प्रोव्हिन्सची किंमत आठच आहे, आणि एक लॅबोरेटरी अजून खेळायची आहे. डेकमध्ये एकच पान उरले आहे. लॅबोरेटरीने या पाळीत काहीही वाढणार नाही, पण ती खेळली की पिसावे लागेल आणि या पाळीतली सारी चांगली कार्डे बाहेर राहतील. अशा वेळी लॅबोरेटरी हातातच ठेवावी. खेळता येते म्हणून प्रत्येक कार्ड खेळणे ही सवय याच ठिकाणी नुकसान करते, आणि ती मोडायला मला स्वतःला बरेच डाव लागले.

उलट परिस्थितीही असते. हातात इस्टेट आणि कर्स साचले आहेत, टेबलावर काही विशेष खेळलेले नाही, आणि चांगली कार्डे डिस्कार्डमध्ये पडली आहेत. तेव्हा एक जादा पान उचलून मुद्दाम आत्ताच पिसावे, म्हणजे नवा डेक हातातल्या अडगळीविना तयार होतो. यासाठी डिस्कार्डमध्ये साधारण काय गेले आहे याचे भान ठेवावे लागते. नेमकी मोजणी नसली तरी ‘मोठी कार्डे आत आहेत की बाहेर’ एवढे लक्षात ठेवणे पुरते.

९. याच पाळीत मिळवलेले कार्ड याच पाळीत वापरता येते का?

क्रम साधला तर येते. वर्कशॉपने मिळवलेले कार्ड डिस्कार्डमध्ये जाते. डेक रिकामा असेल आणि त्यानंतर पान उचलले, तर पिसून ते कार्ड हातात येण्याची शक्यता असते. म्हणून अशा स्थितीत मिळवणे आधी आणि उचलणे नंतर.

हार्बिंजर आधी एक पान देते आणि मग डिस्कार्डमधील एक कार्ड डेकवर ठेवू देते. ते कार्ड याच पाळीत हवे असेल तर हार्बिंजरनंतर लॅबोरेटरी खेळावी; पुढच्या पाळीत हवे असेल तर हार्बिंजर सर्वांत शेवटी. व्हॅसल डेकवरचे पान टाकते आणि ते अ‍ॅक्शन कार्ड असल्यास वेगळी अ‍ॅक्शन न घेता खेळू देते, म्हणून हार्बिंजरने वर ठेवलेले चांगले कार्ड व्हॅसलने खेळणे हा नेमका जुळणारा क्रम आहे. एक अडचण मात्र ध्यानात ठेवावी: डेक रिकामा असताना हार्बिंजर खेळले, तर त्याच्या पहिल्याच पानासाठी डिस्कार्ड पिसले जाते आणि मग निवडायला ढिगात काहीच उरत नाही.

१०. माझ्या कार्डांचा इतरांवर परिणाम होत असेल तर क्रम बदलावा का?

होय. कौन्सिल रूम आपल्याला चार पाने देते, पण इतर प्रत्येकालाही एक पान उचलू देते. मिलिशिया इतरांना हातात तीनच पाने ठेवायला लावते. मिलिशिया आधी खेळली तर इतर तिनावर येतात आणि नंतर कौन्सिल रूममुळे चारावर जातात. कौन्सिल रूम आधी खेळली तर ते सहावरून तिनावर येतात. अर्थात दोन्ही टर्मिनल असल्याने त्याआधी एखादे व्हिलेज लागेल.

११. ‘स्टार रेल्म्स’मध्ये अ‍ॅक्शनची मर्यादाच नाही. तेथे क्रमाचा विचार कशाला?

२०१४ साली आलेल्या या खेळात हातातील सगळी कार्डे खेळता येतात, आणि एकाच गटाच्या दोन कार्डांमुळे जागा होणारा सहयोगी लाभ दोघांपैकी कोणतेही आधी खेळले तरी मिळतो. त्यामुळे डोमिनियनसारखा कार्ड अडकून पडण्याचा धोका नसतो. तरीही दोन गोष्टींकडे लक्ष द्यावे. पाने देणारी जहाजे आधी खेळावीत, म्हणजे इतर निर्णय पूर्ण हात पाहून घेता येतात. दुसरे असे की, येथे पाळीच्या मध्येच खरेदी करता येते आणि विकत घेतलेल्या कार्डाच्या जागी लगेच नवे कार्ड उघडते. म्हणून जे कार्ड घ्यायचे हे नक्की आहे ते आधी घेऊन नवे कार्ड पाहावे, आणि उरलेले पैसे मग खर्च करावेत. फ्रेटरचा सहयोगी लाभ पुढचे विकत घेतलेले जहाज डेकवर ठेवू देतो. तो खरेदीपूर्वी वापरावा लागतो, आणि त्यानंतर पान देणारे एखादे कार्ड राखून ठेवले असेल तर ते नवे जहाज त्याच पाळीत हातात येते.

१२. ‘स्ले द स्पायर’मध्ये ऊर्जा मर्यादित असते. तेथे कोणता क्रम योग्य?

या संगणकीय खेळात सुरुवातीला दर पाळीला तीन ऊर्जा आणि पाच पाने मिळतात, आणि शत्रू पुढे काय करणार हे आधीच दिसते. प्रथम शत्रूच्या हल्ल्याचा आकडा पाहावा, मग फुकट किंवा स्वस्तात पाने देणारी कार्डे, मग गुणाकार करणारी कार्डे आणि शेवटी ज्यांचा गुणाकार होतो ती.

आकडे मांडून पाहू. बॅश दोन ऊर्जेत आठ इजा करते आणि शत्रूला ‘व्हल्नरेबल’ करते, म्हणजे त्यावरील हल्ल्यांची इजा दीडपट होते. स्ट्राइकची इजा सहा. बॅश आधी खेळली तर आठ अधिक नऊ, एकूण सतरा. स्ट्राइक आधी खेळला तर सहा अधिक आठ, एकूण चौदा. बॉडी स्लॅम आपल्या बचावाइतकी इजा करते, म्हणून दोन डिफेंडनंतर ती दहा इजा करते आणि त्यांच्याआधी शून्य.

अपवादांपैकी बॅटल ट्रान्स सर्वांत फसवे आहे. ते फुकटात तीन पाने देते, पण त्यानंतर त्या पाळीत आणखी पान उचलता येत नाही. म्हणून पॉमेल स्ट्राइकसारखे पान देणारे कार्ड हातात असेल आणि ते खेळायचेच असेल, तर ते आधी. हातात दहापेक्षा अधिक पाने राहत नाहीत, त्यामुळे हात भरत आला असेल तर आधी एखादे स्वस्त कार्ड खेळून जागा करावी. ग्रेमलिन नॉब या शत्रूसमोर प्रत्येक स्किल कार्डाने त्याची ताकद वाढते, म्हणून पान देणारे स्किलही तेथे फुकट नसते. टाइम ईटरसमोर एकूण बारा कार्डे खेळली गेली की पाळी तत्काळ संपते, आणि ही मोजणी पाळी बदलली तरी चालूच राहते. तेथे बारावे कार्ड कोणते असेल हे आधी ठरवून मागे मोजत यावे.

पिसण्याबाबतही हा खेळ प्रश्न ८ मधील नियमापेक्षा वेगळा आहे: येथे खेळलेले हल्ल्याचे किंवा स्किल कार्ड, ते त्या लढतीपुरते बाद होणारे नसेल तर, लगेच डिस्कार्डमध्ये जाते, म्हणून त्याच पाळीत पिसले जाऊन परत येऊ शकते. लहान डेक असलेल्यांनी याचा पुरेपूर लाभ घ्यावा.

१३. ‘एऑन्स एंड’मध्ये डेक पिसतच नाहीत. मग क्रम कुठे लागतो?

खेळताना कमी आणि टाकताना अधिक. २०१६ च्या या सहकारी खेळात डेक संपला की डिस्कार्डचा ढीग न पिसता उलटा करतात, म्हणून जे आधी टाकले ते आधी परत येते. विकत घेतलेले कार्ड आणि वापरलेले मंत्र लगेच ढिगावर जातात, तर पाळीत खेळलेली रत्ने आणि वस्तू शेवटी आपल्या पसंतीच्या क्रमाने टाकता येतात. दोन कार्डे एकाच हातात यावीत असे वाटत असेल तर ती ढिगात लागोपाठ ठेवावीत, आणि त्यासाठी कोणता मंत्र कधी सोडायचा हेही त्याच हिशेबात बसवावे.

१४. एवढा विचार करत बसलो तर इतर खेळाडू कंटाळतात. काय करावे?

डोमिनियनमध्ये पुढचा हात आपल्या पाळीच्या शेवटीच उचलला जातो. इतरांच्या पाळ्या चालू असतानाच क्रम ठरवून ठेवावा. मिलिशियासारखा हल्ला झाला तर तो बदलावा लागेल, पण ते क्वचित. पाळी सुरू झाल्यावर प्रश्न ३ मधील क्रमाने निवड नसलेली कार्डे झरझर खेळावीत आणि सगळा वेळ खऱ्या निर्णयासाठी राखावा. एकच लॅबोरेटरी आणि एकच मार्केट यांपैकी आधी कोणते, यावर अडून बसू नये.

१५. चुकीच्या क्रमाने खेळलेले कार्ड परत घेता येते का?

हे घरच्या गटाने आधीच ठरवून ठेवावे. आम्ही पाळतो ती सीमारेषा अशी आहे: नवे पान दिसले नसेल आणि इतरांनी काही केले नसेल, तर क्रम बदलण्यास मुभा असते, दोन सिल्व्हर मांडल्यानंतर मनीलेंडर आठवले, तर सिल्व्हर उचलून घेता येतात. स्मिदीची तीन पाने पाहिल्यावर ‘व्हिलेज आधी खेळायचे होते’ असे म्हणता येत नाही, कारण डेकवरची पाने आता माहीत झाली आहेत. पिसणी झाली असेल तर ती पूर्ववत करणे शक्यच नसते. तेव्हा पाळी आहे तशी पुढे चालू ठेवावी.